छताआधी खांबांचे पाय: जुन्या पर्गोल्यावर पत्रे टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे १४ फूट बाय १२ फुटांचा, चारही बाजूंनी मोकळा लाकडी पर्गोला, म्हणजे वर उघड्या पट्ट्या असलेला मांडव आहे. चार इंची चार खांब थेट काँक्रीटमध्ये रोवलेत, उंची आठ फूट, वर सपाट वासे आणि त्यांवर पट्ट्या. वारा सुटला की सांगाडा डुलतो, दोन खांब जमिनीलगत काळे पडलेत, आणि दुपारनंतर उन्हामुळे तिथे बसवत नाही. त्यावर पॉलिकार्बोनेटचे (कडक प्लॅस्टिकचे) पत्रे टाकले की ऊन-पाऊस थांबेल आणि वरून वजन आल्यामुळे डुलणंही कमी होईल, असा सल्ला कुणीतरी दिलाय. तर पत्रे टाकावेत का? आणि वर वेल चढवला तर कसं?

आत्ता टाकू नका. मी पत्र्यांच्या विरोधात नाही, लोकांना बसवूनही देतो. पण तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न आहेत. डुलणं हा सांध्यांचा प्रश्न आहे, काळे पडलेले खांब हा पाण्याचा, आणि बसवत नाही हा सूर्याच्या कोनाचा. पत्र्याने या तिन्हींतला एकही मुळातून सुटत नाही. पहिले दोन तर वाढतातच. का ते पुढे सांगतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या लांबून ठरवता येत नाहीत. तुमच्याकडे वादळी वारे किती जोराचे असतात, माती चिकण आहे की रेताड, हिवाळ्यात जमीन गोठते का, बर्फ साचतो का, लाकूड कोणतं आहे. जमीन गोठत असेल तर पाया गोठण्याच्या खोलीखाली न्यावाच लागतो, नाहीतर दर हिवाळ्यात तो वर उचलला जातो. बर्फ साचत असेल तर छताचा हिशेब स्थानिक अभियंत्याकडूनच करून घ्या. शिवाय उघड्या मांडवाला लागणारी परवानगी आणि छत असलेल्या बांधकामाला लागणारी परवानगी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. तेही आधी विचारून घ्या.

आता वजनाचा मुद्दा. वरून वजन आलं की सांगाडा स्थिर होतो, हे ऐकायला पटतं, पण छताच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. १० मिमी जाडीचा पोकळ पॉलिकार्बोनेट पत्रा चौरस मीटरला साधारण पावणेदोन किलो भरतो. तुमचं छत सुमारे साडेपंधरा चौरस मीटरचं, म्हणजे सगळे पत्रे मिळून सत्तावीस-अठ्ठावीस किलो. उलट ताशी १०० किमी वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलोच्या वजनाएवढा होतो. मोकळ्या बाजूंच्या छताखाली वारा शिरला की हाच दाब छताला वर उचलतो. छताचा उतार, भोवतीच्या भिंती, खाली ठेवलेलं सामान यांनुसार हा आकडा कमीजास्त होतो, पण अंदाजापुरता पूर्ण दाब धरला तर एकूण सव्वासातशे किलोंची ओढ वरच्या दिशेने लागते. प्रत्येक खांबाच्या वाट्याला एकशे ऐंशी किलो. वाऱ्याचा वेग निम्मा असेल तर दाब चौथाई होतो, म्हणून रोजच्या वाऱ्यात काहीच जाणवत नाही आणि वर्षातल्या एका वादळात सगळं एकदम जातं.

सध्या तुमचा पर्गोला टिकून आहे तो वारा पट्ट्यांमधून निघून जातो म्हणून. पत्रे टाकलेत की त्याचं शीड होईल.

आणि ही ओढ कुठून कुठे जाते ते बघा. पत्र्यातून स्क्रूला, स्क्रूतून वाशाला, वाशातून तुळईला (वाशांखालच्या जाड आडव्या लाकडाला), तुळईतून खांबाला, खांबातून काँक्रीटला. जुन्या पर्गोल्यांत वासे बहुतेक वेळा तुळईवर ठेवून वरून किंवा तिरके खिळे मारलेले असतात. वजन खाली दाबतंय तोवर हे चालतं. तेच वर उचललं गेलं की खिळा सरळ उपसून येतो. खांबाचा बुंधा कुजला असेल तर शेवटचा दुवाही गेला. त्यामुळे छत आज नको असेल तरी पाय आणि सांधे आधी, हा क्रम बदलत नाही.

पायांकडे येतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. खोल मातीत हवा कमी, उंचावर ओलावा कमी, आणि जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात दोन्ही भरपूर. म्हणून खांब नेमका तिथेच जातो. काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबाचं तर आणखी वाईट होतं. लाकूड सुकताना आकसतं, काँक्रीट आकसत नाही, दोघांमध्ये फट पडते, त्या फटीतून पाणी उतरतं आणि तळाशी साचून राहतं. वरून डांबर फासून किंवा फटीत सिलिकॉन भरून हे थांबत नाही. उलट आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते.

तपासणी सोपी आहे. चारही खांबांभोवतीची माती चार-सहा इंच उकरा आणि जाड स्क्रूड्रायव्हर किंवा आरी लाकडात जोर लावून खुपसा. निरोगी लाकडात टोक जेमतेम शिरतं आणि लाकूड तंतूंनी चिरफळतं. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं अर्धा-एक इंच आत जातं आणि बाहेर काढताना चौकोनी भुसकट निघतं. काळा रंग एवढ्याने घाबरू नका. ऊन-पावसाने नुसता पृष्ठभागही काळा पडतो. दुसरीकडे, वरून ठणठणीत दिसणारे उरलेले दोन खांबही तपासाच. चारही एकाच दिवशी एकाच पद्धतीने रोवलेले असतात, दोन कुजलेत तर बाकीचे फार मागे नसतात. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिचा बंदोबस्त आधी करून घ्या, मग सुतारकाम.

कूज जमिनीपासून फूटभराच्या आत असेल तर खांब वाचतो. तुळईखाली धिरे देऊन भार त्यांच्यावर घ्यायचा, कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत आणि वर आणखी दोन-तीन इंच कापून टाकायचा, जुनं काँक्रीट उकरून नवा पाया भरायचा आणि त्याचा ठोकळा कापलेल्या खांबाच्या उंचीपर्यंत वर आणायचा. खांब आणि काँक्रीट यांच्यामध्ये गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) लोखंडाची पायबैठक येते, जी लाकडाला काँक्रीटपासून किमान इंचभर वर धरते. ठोकळ्याचा माथा चारही बाजूंना उतरता ठेवा, म्हणजे पाणी थांबत नाही. खांबाचं कापलेलं तोंड तेल किंवा इपॉक्सीने दोन-तीनदा भरून घ्या. लाकूड बाजूंपेक्षा तोंडातून कितीतरी पटीने पाणी पितं, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

पाया किती मोठा? पुढे कधीतरी छत टाकायचं मनात असेल तर आत्ताच त्या हिशेबाने भरा, दुसऱ्यांदा खणायला कुणालाच आवडत नाही. दीड फूट बाय दीड फूट आणि अडीच फूट खोल खड्ड्यात सुमारे साडेपाच घनफूट काँक्रीट बसतं, आणि त्याचं वजन पावणेचारशे किलोंच्या वर जातं. वर काढलेल्या एकशे ऐंशी किलोंच्या ओढीला हे दुप्पट आहे, शिवाय खांबा-वाशांचं वजन आणि मातीची पकड वेगळी. वाऱ्याचा प्रदेश असेल तर त्या हिशेबात वाढवा. खणण्याआधी जमिनीखालून वीज, पाणी, गॅस कुठून गेलंय ते नक्की करा.

एक सूचना मात्र अधोरेखित करतो. पाय दुरुस्त केल्यावर पर्गोला आधीपेक्षा जास्त डुलायला लागेल. काँक्रीटमध्ये रोवलेला खांब निदान तळाशी ताठ धरलेला असतो. पायबैठकीवर उभा केलेला खांब उचलला जात नाही, पण झुकायला मोकळा असतो. म्हणून तिरपे टेके आधी बसवायचे, आणि मगच एकेक करून खांबांचे पाय कापायचे. एका वेळी एकच खांब, आणि त्याचं नवं काँक्रीट आठवडाभर पक्कं होऊ द्यायचं.

डुलणं नेमकं कशाने होतं? चार खांब आणि वर तुळया हा चौकोन आहे. चौकोनाच्या कोपऱ्यांत फक्त दोन-दोन स्क्रू असतील तर तो सहज तिरका होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्याशी खांब आणि तुळई यांना जोडणारा ४५ अंशांचा टेका लावायचा. खांबावर आणि तुळईवर कोपऱ्यापासून किमान दोन फूट, जमल्यास अडीच फूट अंतर घ्या. शोभेसाठी लावलेले आठ-दहा इंचांचे टेके फारसं काही करत नाहीत. कोपऱ्यापासून दोन फुटांवर लावलेला टेका खांबावर सहा फूट उंचीवर टेकतो, त्यामुळे ये-जा करताना डोक्याला लागत नाही.

इथे सुतारसुद्धा अर्धंच काम करतात. टेके फक्त तुळईच्या दिशेने लागतात, कारण तिथे तुळई आयती असते. मग पर्गोला लांबीच्या दिशेने घट्ट होतो आणि रुंदीच्या दिशेने डुलतच राहतो. दोन्ही दिशांना टेके हवेत, म्हणजे चार खांबांना आठ. रुंदीच्या दिशेने टेका लावायला काही नसेल तर खांबांच्या रेषेत एक जादा आडवी तुळई घाला. सांध्यांना खिळे नकोत. १२ मिमीचे आरपार बोल्ट आणि मोठे वायसर वापरा. तुळई खांबाच्या बाजूला नुसती स्क्रूने टांगलेली असेल तर तिच्याखाली लाकडी ठोकळा बोल्टने बसवा, म्हणजे भार स्क्रूच्या मानेवर न येता लाकडावर येतो. कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे साधं लोखंड लवकर गंजतं, तेव्हा बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या.

खांबच बदलायची वेळ आली तर चारऐवजी सहा इंची घ्या. चौरस खांबाचा ताठपणा बाजूच्या चौथ्या घातात वाढतो. चारचे सहा इंच केले की तो पाचपटीने ताठ होतो, लाकूड मात्र सव्वादोनपटच लागतं. १४ फुटांच्या लांबीत तुळई मध्ये वाकलेली दिसत असेल तर तिथेही असंच गणित आहे. तुळईची रुंदी वाढवण्यापेक्षा उभी खोली वाढवा, किंवा मध्ये एक खांब घाला. अंतर निम्मं झालं की वाकणं सोळाव्या हिश्शाच्या आसपास येतं.

आता ऊन. तुम्ही दुपारनंतर बसवत नाही म्हणताय, भर दुपारी नाही. हा फरक मोठा आहे. सूर्य तासाला जास्तीत जास्त १५ अंश खाली उतरतो, त्यामुळे जगात कुठेही सूर्यास्ताच्या दोन तास आधी तो क्षितिजापासून फार तर ३० अंशांवर असतो. आठ फूट उंचीच्या छताच्या कडेची सावली त्या वेळी जवळपास १४ फूट लांब सरकते. तुमचा पर्गोला पूर्व-पश्चिम १२ फूट असेल तर छताची जमिनीवरची सावली तेव्हा पूर्णपणे पर्गोल्याच्या बाहेर, पूर्वेला पडलेली असते. तुम्ही छताखाली बसलेले, सावली अंगणात. बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर धरलं तरी तिथली सावली सात फूट सरकलेली असते, म्हणजे निम्म्याहून जास्त खुर्च्या उन्हात. पत्रा कितीही गडद घ्या, हे ऊन त्याच्याखालून येतं.

म्हणून संध्याकाळच्या उन्हाला उत्तर पश्चिमेच्या बाजूने द्यायचं असतं, डोक्यावरून नाही. पडदा जमिनीपर्यंतही लागत नाही. पश्चिमेच्या खांबांपासून सहा फूट आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येणारा किरण, सूर्य ३० अंशांवर असताना त्या कडेवर साडेसात फुटांवरून आत शिरतो, आणि १५ अंशांवर असताना साडेपाच फुटांवरून. म्हणजे तुळईपासून खाली चार फुटांपर्यंत काहीतरी आलं की पुरतं. खालचे चार फूट मोकळे राहतात, वारा खेळतो, बाग दिसते. अगदी मावळतीचं ऊन आत येईल, पण ते बहुतेकांना हवंच असतं. गुंडाळता येणारा बांबूचा किंवा कापडी पडदा मला इथे सगळ्यांत आवडतो, कारण वादळाची लक्षणं दिसली की गुंडाळून बांधता येतो. कायमची पट्ट्यांची जाळी हवी असेल तर पट्ट्यांत निम्मी जागा मोकळी सोडा, आणि ती टेके लागल्यावरच लावा. पश्चिमेला भरीव भिंत आणि वर भरीव छत असं दोन्ही केलंत तर आत शिरलेल्या वाऱ्याला निघायला वाट उरत नाही आणि छताची ओढ आणखी वाढते.

डोक्यावरच्या पट्ट्यांचंही सांगून ठेवतो. पट्टी उभी जितकी खोल तितकीच दोन पट्ट्यांमधली फट ठेवली, तर पट्ट्यांना आडव्या दिशेने ४५ अंश किंवा त्याखालून येणारं ऊन पूर्ण अडतं. फट खोलीच्या दुप्पट झाली की हा कोन सत्तावीस अंशांवर येतो, आणि पर्गोला नुसता फोटोपुरता सावली देतो. पट्ट्या उत्तर-दक्षिण लांब असतील तर त्या सकाळ-दुपारचं तिरपं ऊन अडवतात. पूर्व-पश्चिम असतील तर हे ऊन फटींच्या लांबीतून सरळ आत येतं. तुमच्या पट्ट्या कोणत्या दिशेने आहेत ते प्रश्नात नाही, पण बऱ्याचदा त्या फक्त उलट दिशेने फिरवून बसवल्या तरी फरक कळतो.

भर दुपारसाठी यावर शेडनेट ताणा, ७० टक्क्यांच्या आसपासची. दोरीने बांधलेली, काढता येईल अशी. एक हंगाम तसं वापरून बघा. ऊन किती अडतंय, तुम्ही तिथे खरंच किती बसताय आणि पाऊस पडताना बाहेर बसायची हौस कितपत आहे, हे त्यात कळतं. शेडनेटमधून वारा जातो पण सगळा नाही. वादळाआधी तीही उतरवायची.

एवढं होऊनही पावसातलं छत हवंच असेल, तर मग पत्रे. पण तुमचे वासे सपाट आहेत हे विसरू नका. पत्र्याला फुटामागे निदान एक इंच ढाळ लागतो, म्हणजे १२ फुटांत एक फूट. एक बाजू आठ फुटांवर ठेवली तर दुसरी नऊवर न्यावी लागेल. वाशांवर नुसते लाकडी तुकडे ठोकून ढाळ काढला की पुन्हा तोच उपसणाऱ्या खिळ्यांचा कमकुवत दुवा आला, तेव्हा वासे आणि तुळई लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या. पत्र्याच्या पोकळ नळ्या ढाळाच्या दिशेने, अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू वर, वरची तोंडं पूर्ण बंद आणि खालच्या तोंडांना हवा जाणारी टेप. स्क्रूची भोकं मोठी पाडा, कारण १२ फुटांचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ एक सेंटिमीटर लांबतो. भोक घट्ट असेल तर पत्रा तिथेच तडकतो.

आणि पन्हळ लावल्याशिवाय पत्रा टाकू नका. ५० मिमी पाऊस झाला की तुमच्या छतावरून ७८० लिटर पाणी एकाच कडेने खाली येतं. ती कड कुठे आहे? खालच्या बाजूच्या दोन खांबांच्या रेषेत. ज्या पायांसाठी एवढी खटपट केली, त्यांच्याच मुळाशी हे पाणी ओतलं जातं.

वेलाबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं. वेल चांगला, पण पाय आणि टेके झाल्यावर. पानगळीचा वेल, उदाहरणार्थ द्राक्ष, उन्हाळ्यात सावली देतो आणि थंडीत ऊन आत सोडतो. फळं मात्र खाली बसणाऱ्यांवर पडतात आणि गांधीलमाश्या येतात. बोगनवेल स्वतः वेटाळत नाही, तिला बांधून न्यावं लागतं, आणि काटे बसण्याच्या उंचीवर येऊ देऊ नका. विस्टेरियासारखे वेटाळणारे, खोड जाड होत जाणारे वेल हलक्या पट्ट्या पिळून मोडतात, ते तुमच्या चार इंची सांगाड्यावर नकोतच. कोणताही वेल खांबाच्या बुंध्यापासून दोन फूट लांब लावा आणि तारेने वर न्या, म्हणजे रोज दिलेलं पाणी खांबाच्या पायाशी मुरत नाही.

तेव्हा आधी माती उकरून चारही खांब तपासा. कूज जमिनीपासून किती इंच वर गेलीय आणि तुळई खांबावर टेकलीय की बाजूला टांगलीय, एवढं कळवा. कूज फुटाच्या वर गेली असेल तर खालचा तुकडा बदलण्यात अर्थ नाही, तो खांब नवाच घ्यावा लागेल, आणि मग चारही सहा इंची करायचे का याचा हिशेब वेगळा मांडू.